मदत हवी आहे: पायातलं रक्त वर चढतं कसं? झडपा तर ढकलत नाहीत ना

नमस्कार मंडळी, भाची दहावीला आहे आणि तिचा रक्ताभिसरणाचा धडा घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी कॉमर्सवाली, त्यामुळे जीवशास्त्राशी संबंध शाळेपुरताच. हृदयाचे चार कप्पे, उजव्या बाजूकडून रक्त फुप्फुसात, तिथून ऑक्सिजन घेऊन डाव्या बाजूला आणि मग सगळ्या अंगाला, इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग बाईसाहेबांनी विचारलं की मावशी पायाच्या अंगठ्यातलं रक्त परत वर कसं येतं, खाली तर पंप नाहीये. मी म्हटलं शिरांमध्ये झडपा असतात, पुस्तकात तसंच दिलंय. तर म्हणते झडप फक्त मागे जाऊ देत नाही, पुढे कोण ढकलतं? झालं, मी गप्प.

मग मी आकडे शोधत बसले आणि आणखीच घोळ झाला. विश्रांतीत एका ठोक्याला साधारण ७० मिली रक्त बाहेर पडतं, मिनिटाला ७० ठोके धरले तर ५ लिटरच्या आसपास होतं, आणि मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्तच साधारण ५ लिटर, म्हणजे जेवढं आहे तेवढं सगळं मिनिटाभरात फिरून येतं. इथपर्यंत मला जाम आवडलं. पण दाबाचं बघा, महाधमनीत सरासरी ९५ मिमी पारा, केशवाहिन्यांत (धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या अगदी बारीक नळ्या) शिरताना ३५ च्या आसपास, बाहेर पडताना १५, आणि हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पोचेपर्यंत जवळजवळ शून्य. आता उभ्या माणसाचं पाऊल हृदयापासून सव्वा मीटरभर खाली. पारा रक्तापेक्षा १३ पट जड, म्हणजे तेवढ्या उंचीचा रक्ताचा स्तंभ उचलायला ९० मिमीच्या वर दाब पाहिजे. हातात आहेत १५. माझा ताळेबंद काही जुळत नाहीये. ७५ मिमी कुठून येतात?

जाणकारांनी प्लीज साध्या भाषेत सांगा, आणि "निसर्गाची किमया" टाइप उत्तरं नकोत, ती मी स्वतःच देऊन बसलेय आणि भाचीने ती नाकारलीयेत.

प्रतिसाद १

पोटऱ्या. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, आतल्या खोल शिरा दाबल्या जातात, रक्त वर जातं, झडपा त्याला खाली येऊ देत नाहीत. म्हणून पोटरीला दुसरं हृदय म्हणतात. भाचीचं बरोबर आहे, झडप ढकलत नाही, ढकलतो स्नायू, झडप फक्त दिशा ठरवते. स्नायू तर शीर दोन्हीकडे दाबतो, झडप नसती तर अर्धं रक्त खालीच गेलं असतं.

धागाकर्ती

धन्यवाद, हे मी तिला सांगून पाहिलं. लगेच पुढचा बॉल आला, "मग झोपलेल्या माणसाच्या पोटऱ्या कुठे हलतात?" झोपल्यावर उंचीच नाही म्हणून ते एक वेळ सोडू, पण कोणी खुर्चीवर पाय सोडून तासभर नुसता बसला, अजिबात न हलता, तर त्याच्या पायातलं रक्त थांबतं का? थांबत नसणार ना. मग ते ७५ मिमी?

प्रतिसाद २

ताई, तुमचा हिशोब ९०% बरोबर आहे, फक्त एक बाजू लिहायची राहिलीये. जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

तुम्ही वर चढणाऱ्या रक्ताचं वजन धरलंत, पण खाली उतरणाऱ्या रक्ताचं? हृदयापासून पावलापर्यंत धमनीतही तेवढाच सव्वा मीटरचा स्तंभ आहे आणि तो खाली दाबतोय. म्हणजे उभं राहिल्यावर पावलातल्या धमनीत दाब ९५ नसतो, ९५ अधिक ९० असा १८५ च्या आसपास असतो. आणि शिरेत १५ नसतो, न हलता उभ्या माणसाच्या पावलाच्या शिरेत ९० च्या आसपास मोजला जातो. तुम्ही वाचलेले ९५, ३५, १५ हे आकडे हृदयाच्या पातळीचे, किंवा आडव्या माणसाचे म्हणा.

गवंडी लोक लेव्हल बघायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतात ना, तिची दोन टोकं वर आणि मधला भाग खाली लोंबत असतो. एका टोकाला जरा फुंकर मारली की दुसऱ्या टोकाचं पाणी लगेच वर सरकतं, नळी कितीही खाली लोंबू दे. तळातून पाणी उचलायला वेगळी ताकद लागत नाही कारण या बाजूचं वजन त्या बाजूच्या वजनाला तोलून धरतं. पायातल्या धमन्या-शिरांचं हेच. गुरुत्वाकर्षण दोन्ही बाजूंना सारखंच, ते कटतं, उरतो तो हृदयाने दिलेला दाबातला फरक, आणि शिरा रुंद असल्यामुळे त्यांच्यातून जायला रक्ताला फार थोडा दाब पुरतो. म्हणून न हलता बसलेल्याचं रक्तही फिरतच राहतं. तुमचे ७५ मिमी उतरत्या बाजूने आलेत.

आता तुम्ही म्हणाल मग पोटऱ्या कशाला. तर नळीचं प्लास्टिक ताणलं जात नाही, शीर ताणली जाते. तिची भिंत पातळ, ९० चा दाब आला की ती फुगते आणि रक्त तिथेच मावून राहतं. एरवीही अंगातलं ६० ते ७० टक्के रक्त शिरांमध्येच असतं, त्या म्हणजे गोडाऊनच. नुसतं उभं राहिलं तरी अर्धा लिटरभर रक्त खालच्या अंगात सरकतं. तेवढं हृदयाकडे कमी पोचलं की पुढच्या ठोक्याला बाहेरही कमी पडणार, कारण हृदय आलेलं रक्तच पुढे पाठवू शकतं, स्वतःचं काही त्याच्याकडे नसतं. खरा प्रॉब्लेम रक्त वर चढण्याचा नाही, खाली साठून राहण्याचा आहे. चालायला लागलं की पोटरी शिरा पिळून रिकाम्या करते, सैल पडली की वरची झडप बंद होते, म्हणजे तो सव्वा मीटरचा अखंड स्तंभ मध्येच तुटतो आणि पावलाच्या शिरेतला दाब ९० वरून ३० च्या खाली येतो. झडपेचं सगळ्यात मोठं काम मला विचाराल तर हे आहे आणि पुस्तकं नेमकं हेच गाळतात.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाला +१. फक्त श्वास राहिला. श्वास आत घेताना डायफ्रॅम (छाती आणि पोट यांच्या मधला स्नायूचा पडदा) खाली सरकतो, छातीतला दाब उतरतो आणि पोटातला वाढतो, त्यामुळे पोटातल्या मोठ्या शिरेतलं रक्त छातीकडे खेचलं जातं. माणूस झोपलेला असला तरी हे चालूच. तुमच्या भाचीच्या झोपलेल्या माणसाला निदान हे सांगा.

अवांतर: शिरांतल्या झडपांचं वर्णन रक्ताभिसरण सिद्ध करणाऱ्या विल्यम हार्वेच्या गुरूने, इटलीतल्या पाडुआच्या फॅब्रिशियसने, १६०३ मध्ये छापलं होतं, पण त्याला वाटायचं की त्या रक्त हातापायात एकदम जाऊन साठू नये म्हणून ब्रेक लावायला असतात. उत्तराच्या इतक्या जवळ येऊन गडी उलटीकडे वळला. मग १६२८ मध्ये हार्वेने दंडाला पट्टी बांधून दाखवलं. पट्टी बांधली की खालच्या शिरा फुगतात आणि जिथे झडपा तिथे गाठी दिसतात. एका जागी बोट दाबून धरायचं, दुसऱ्या बोटाने तिथून हृदयाच्या दिशेला पुढच्या गाठीच्या पलीकडे रक्त सारायचं, मधला तुकडा रिकामा होतो आणि वरून भरत नाही. पहिलं बोट उचललं की खालून भरतो. याच हार्वेने तुमच्यासारखाच हिशोबही मांडला होता, की हृदय अर्ध्या तासात जेवढं रक्त बाहेर टाकतं तेवढं अख्ख्या अंगात नसतं, म्हणजे तेच फिरून येत असणार. धमनीतून शिरेत ते जातं कुठून हे मात्र त्याला दिसलं नाही, केशवाहिन्या माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात मायक्रोस्कोपखाली बघितल्या, तोवर हार्वे वारला होता.

धागाकर्ती

अहाहा, गवंड्याची नळी! हे एकदम डोक्यात बसलं, भाचीलाही. म्हणजे मी खर्चाची बाजू लिहिली आणि जमेची विसरले असं आहे तर, कॉमर्सवालीने हे करावं.

हात खाली सोडून बसलं की मागच्या शिरा टम्म फुगतात आणि डोक्याच्या वर धरला की सपाट होतात हे आत्ता करून बघितलं, हे त्याच ताणल्या जाण्यामुळे ना? आणि कवायतीला ताटकळत उभी असलेली मुलं धाडकन पडतात तेही हेच का? दोन मिनिटं उभं राहिल्यावर मला तर काही होत नाही.

प्रतिसाद २

हो, दोन्ही तेच. आणि तुम्हाला काही होत नाही कारण मानेतल्या मोठ्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे चेतातंतू असतात, दाब जरा उतरला की ते मेंदूला कळवतात आणि काही सेकंदांत ठोके वाढतात आणि धमन्यांच्या बारीक फांद्या आणि शिरा आवळल्या जातात. झोपेतून झटकन उठल्यावर क्षणभर अंधारी येते ती या यंत्रणेला लागणाऱ्या वेळामुळे. कवायतीत मुलं गुडघे ताठ करून हलत नाहीत, वर ऊन, त्वचेकडचं रक्त वाढलेलं, साठत जातं आणि एका टप्प्याला मेंदूचा पुरवठा कमी पडतो. पडल्यावर शरीर आडवं होतं, उंचीच संपते आणि बहुतेक वेळा शुद्ध येते. अशा वेळी मदत करायला धावणारे लोक त्याला उठवून बसवतात, ते करू नये, आडवंच ठेवावं, पाय थोडे वर. आणि उभं राहावंच लागलं तर टाचा वरखाली करत राहायचं. वारंवार चक्कर येत असेल किंवा एकाच पायाला अचानक सूज आणि दुखणं असेल तर मात्र धागे न काढता डॉक्टरकडे जायचं.

धागाकर्ती

एकच शेवटचं, खरंच शेवटचं. भाची विचारतेय की पायात दाब १८५ असतो तर डॉक्टर बीपी दंडालाच का बघतात, आणि ९५ चे ३५ होतात तेव्हा मधले ६० जातात कुठे?

प्रतिसाद १

दंड हृदयाच्या पातळीला येतो म्हणून, मध्ये स्तंभ धरावा लागत नाही. म्हणूनच बीपी बघताना हात टेबलावर ठेवायला सांगतात, लोंबता ठेवला तर आकडा उगाच जास्त येतो, दर १० सेंमीला साधारण ७-८ मिमीने. घरी मशीन असेल तर तिला हात वरखाली करून दाखवा, वाचण्यापेक्षा लवकर पटेल.

आणि ते ६० केशवाहिन्यांच्या आधीच्या बारीक धमन्यांमध्ये घर्षणात खर्च होतात. सगळ्यात जास्त दाब तिथेच उतरतो. त्यांच्या भिंतीत स्नायू असतो, नळी निम्मी आवळली की त्याच दाबाला रक्त १६ पट कमी जातं, म्हणून कुठल्या अवयवाला किती द्यायचं हे तिथेच ठरतं. केशवाहिनीची भिंत एकाच पेशीच्या जाडीची, तिथे ९५ दाब परवडलाच नसता, पाणी भराभर बाहेर झिरपलं असतं. पायात उभ्याने तो वाढतोच, म्हणून दिवसभर उभं राहणाऱ्यांचे संध्याकाळी घोटे सुजतात.