मासळीच्या दुकानातले आपले अनुभव

ठाणे (धागा सुरू करताना)

परवाच्या रविवारी आमच्या नेहमीच्या मासळीच्या दुकानात माझ्यापुढे एक नवे जोडपे उभे होते. त्यांनी पापलेटाकडे बोट दाखवले, तेव्हा दुकानातल्या ताईंनी एक पापलेट उचलून कल्ल्याजवळ अंगठ्याने दाबले. तिथून तांबूस पाणी आले. "हे आज नका घेऊ, बांगडा घ्या," असे म्हणून त्यांनी ते पुन्हा बर्फात ठेवले. पांढरट, दुधासारखे पाणी आले तर पापलेट ताजे, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण विकणाऱ्या बाईनेच गिऱ्हाइकासमोर ही परीक्षा घेऊन स्वतःचा माल नापास केल्याचे मी पहिल्यांदाच पाहिले. (ते पापलेट दुपारी कोणाच्या पिशवीत गेले असेल, हा विचारही मनात आल्यावाचून राहिला नाही.)

ताजी मासळी ओळखण्याच्या याद्या पुष्कळ मिळतात. मला हवे आहेत ते प्रत्यक्ष व्यवहार: आपण काय मागितले, काय मिळाले आणि घरी पिशवी उघडल्यावर काय निघाले. तक्रार अवश्य लिहावी, मात्र दुकानाचे नाव देऊ नये.

दादर

लग्न होऊन या भागात आले तेव्हा मला बोंबील आणि मांदेली यांपलीकडे काही ओळखता येत नव्हते. सासूबाईंनी बाजारातल्या एका कोळीण मावशींसमोर मला उभे केले आणि "हिला शिकवा," एवढेच सांगून त्या भाजी घ्यायला निघून गेल्या. मावशींनी शिकवले ते असे, की पहिल्या दिवशी दोन बोंबील माझ्या तळहातावर ठेवले. एक चकचकीत, गुलाबी तोंडाचा आणि घट्ट, दुसरा पांढुरका आणि बोटांतून घसरणारा. "आता डोळे मिटून सांग," असे त्या म्हणाल्या. त्यानंतर आजतागायत मी बोंबील हातात घेतल्याशिवाय विकत घेतलेला नाही.

वाट्याने (मांडलेल्या लहान ढिगाने) घेणे आणि वजनाने घेणे यांत मला अजूनही वाटाच बरा वाटतो, कारण वाट्यातला प्रत्येक मासा समोर दिसतो. मात्र वाट्याच्या वरच्या थरावर जाऊ नये, खालचा मासा उलटून पाहावा. आणखी एक सवय म्हणजे सोमवारी, गुरुवारी किंवा संकष्टीला जाणे. निम्मे गिऱ्हाईक नसते, दर उतरलेले असतात आणि मावशींना बोलायला वेळ असतो. अर्थात त्या दिवशी माल कमी येतो आणि कधीकधी आदल्या दिवशीचा असतो, तेव्हा विचारून घ्यावे. विचारले तर त्या खोटे सांगत नाहीत. न विचारता मात्र सांगतीलच असे नाही.

पुणे

माझा अनुभव वाईट आहे. उन्हाळ्यात एका दुकानातून मी एक किलो बांगडे घेतले. डोळे बरे दिसत होते, वास नव्हता, म्हणून स्वस्त दराचे कारण विचारण्याचे मला सुचले नाही. घरी तळून जेवलो आणि अर्ध्या तासात माझा चेहरा लाल झाला, कानशिले तापली, डोके ठणकू लागले आणि पत्नीच्या अंगावर पित्ताच्या गांध्या उठल्या. आम्ही दोघेही जन्मभर बांगडा खात आलो आहोत, त्यामुळे मासळी बाधली असेल असे आम्हाला वाटेचना. डॉक्टरांच्या गोळीने संध्याकाळपर्यंत उतार पडला. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर मालक म्हणाले, "साहेब, सगळ्यांनी तेच नेले, तुम्हालाच कसे झाले?" नंतर शेजारच्या चहावाल्याकडून कळले, की आदल्या रात्री वीज गेली होती आणि बर्फ संपला होता.

रत्नागिरी

वरील अनुभवाबद्दल थोडे लिहिते, कारण माझे शिक्षण मत्स्यविज्ञानातले आहे. बांगडा, कुपा, तारली, सुरमई अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा काही तास गरम राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात. पुढे मासा पुन्हा बर्फात ठेवला, तळला किंवा तासभर शिजवला तरी ते नष्ट होत नाही, आणि मासा दिसायला व वासाला चांगला असू शकतो. लक्षणे ॲलर्जीसारखी असल्यामुळे पुष्कळ जण "मला आता बांगडा चालत नाही" असे ठरवून टाकतात. वास्तविक दोष माशाच्या जातीचा नसून तो मधल्या काळात कसा ठेवला याचा असतो. म्हणून मी दुकानात माशाच्या आधी बर्फ पाहते: तो माशाच्या खाली आणि वरही आहे का, आणि वितळलेले पाणी वाहून जायला वाट आहे का.

मालवण

आमच्याकडे दुकान असे फारसे लागत नाही. किनाऱ्यावर रापण ओढली जाते तेव्हा जाऊन उभे राहिले की झाले. जाळ्याची दोन्ही टोके वाळूवरून पंधरा-वीस माणसे ओढत आणतात. त्यातला मासा तासाभरापूर्वी पाण्यात असतो, त्यामुळे ताजेपणाचा प्रश्नच येत नाही. प्रश्न येतो तो काय मिळेल याचा. सुरमईची इच्छा धरून जावे आणि पेडवे घेऊन परत यावे, हे नित्याचे आहे. मुंबईहून आलेल्या माझ्या मेहुण्यांना हे पटले नाही, म्हणून ते बाजारात गेले. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी त्यांच्या हातातला बांगडा काढून घेतला आणि म्हणाल्या, "तो कालचो आसा, तो नको घेव." मेहुणे अजून ही गोष्ट आश्चर्याने सांगतात. आम्हाला तिचे काही वाटत नाही, कारण बाईंना उद्याही त्याच ओट्यावर बसायचे असते.

म्हापसा

जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारात बाहेरच्या राज्यांतून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन (प्रेते टिकवायला वापरतात ते फॉर्माल्डिहाइडचे द्रावण) असल्याचा संशय घेतला गेला, तेव्हाची गोष्ट. सरकारने काही दिवस बाहेरची मासळी आणण्यावर बंदी घातली. प्रमाण मर्यादेत होते की नव्हते, माशात फॉर्माल्डिहाइड निसर्गतःच किती असते, यावर बराच वाद झाला. पण आमच्या घरात वाद झाला नाही, मासळी सरळ बंद झाली. गोव्याच्या घरात दोन आठवडे हुमण (मासळीची आमटी) नसणे म्हणजे काय, हे सांगून कळणार नाही. "माशी बसत नसेल तर औषध मारलेले आहे" असे जो तो सांगत होता, पण बर्फावरच्या मासळीवर एरवीही माश्या कमीच बसतात. शेवटी आम्ही खाडीत गळ टाकून गरवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून मुडदोशी घेऊ लागलो. ती सवय बंदी उठल्यावरही टिकली आणि आमची जुनी कोळीण त्यामुळे तुटली. तिच्याकडच्या मासळीत काही दोष होता असे आजही मी म्हणणार नाही.

डोंबिवली

एकदा दोन किलो कोलंबी सोलून घेतली. घरी मोजली तर एक किलो आणि थोडी वर भरली. भांडायला गेलो. दुकानदाराने शांतपणे अर्धा किलो कोलंबी माझ्यासमोर सोलली, डोकी आणि साले दुसऱ्या पारड्यात टाकली आणि तराजू दाखवला. पारडी जवळपास सारखी होती. मी मुकाट्याने ती अर्धा किलोही विकत घेतली.

भिगवण

समुद्राच्या मासळीच्या चर्चेत उजनी धरणाचा उल्लेख अस्थानी वाटू नये. आमच्या इथल्या बाजारात चिलापी कधीकधी जिवंतच तराजूत पडते, पुण्यात पोहोचलेल्या पापलेटाचे तसे नाही. कोकणातले पाहुणे नाक मुरडतात आणि मग दुसरा तुकडा मागतात.

न्यू जर्सी

इथे बांगलादेशी दुकानातून गोठवलेली सुरमई आणतो. पाकिटावर नाव दुसरेच असते. पहिल्या वर्षी मी फडताळासमोर फोन धरून आईला मासा दाखवत असे आणि ती तिकडून "शेपटीकडून दाखव" म्हणत असे. आता दुकानदारच मला शेपटीकडून दाखवतो.

मुंबई, कोळीवाडा

सर्व अनुभव वाचले. माझी आई मासळी विकते, त्यामुळे मी ओट्याच्या दुसऱ्या बाजूने लिहिते. ती पहाटे तीनला उठून भाऊच्या धक्क्यावर जाते. तिथे लिलावात टोपली उघडून एकेक मासा पाहायला वेळ नसतो. वरचा थर बघून बोली लावायची आणि खाली काय निघेल ते निघेल. खाली नरम माल निघाला तर तो तोटा तिचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, तेव्हा शीतगृहातला माल येतो आणि ती तसे सांगून विकते. तरीही गिऱ्हाईक विचारते, "मावशी, ताजं आहे ना?" भर जुलैत, पापलेटाकडे बोट दाखवून.

एक विनंती आहे. मासा दाबून अवश्य पाहावा, पण बोटाच्या पेराने. नख लावू नये. नखाचा वण पडलेली सुरमई पुढचे गिऱ्हाईक घेत नाही, आणि तो वण कोणी पाडला हे आईला ठाऊक असले तरी ती बोलत नाही. कल्ले उघडून पाहा, ती स्वतःच उघडून दाखवते. आणि पापलेट २०२३ पासून राज्यमासा झाले आहे, तेव्हा तळहातापेक्षा लहान पापलेट मागू नये. मागणारे असतात म्हणून ते जाळ्यातून आमच्यापर्यंत येते.

चांगला माल ती कोणासाठी बाजूला ठेवते, असे मी तिला एकदा विचारले होते. मला वाटले होते, घासाघीस न करणाऱ्यांसाठी. ती म्हणाली, "जो येऊन आज काय आलंय असं विचारतो, त्याच्यासाठी. जो घरून ठरवून येतो, त्याला ठरवलेलं देते." दुपारी एकच्या सुमारास ती ओटा धुते. उरलेला शेवटचा वाटा आमच्या घरी येतो, आणि तो कसला आहे हे तिने डबा उघडेपर्यंत आम्हालाही माहीत नसते.