मदत हवी आहे: अल्बममध्ये आमची वऱ्हाडी बोली दबली, पुन्हा मिक्स करावं की पुन्हा गावं?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात आमचा चौघांचा रॅप ग्रुप आहे. पहिली दोन गाणी कापसाच्या गंजीजवळ बसून मोबाइलवर रेकॉर्ड केली होती. ती लोकांनी उचलून धरली, कारण 'मले', 'तुले', 'करून राहिलो' जसंच्या तसं ऐकू येत होतं. आता शहरातल्या स्टुडिओत सात गाण्यांचा अल्बम केला, आणि गावातच लोक म्हणतात, "हे तुमचं वाटत नाही." खरं आहे त्यांचं. बीट पुढे, शब्द मागे, आणि ऑटोट्यूननं (सूर आपोआप नीट करणारं सॉफ्टवेअर) हेल सपाट झाला. वऱ्हाडीतून हेल गेला की उरतं काय?

आवाजाचा ट्रॅक ३ डेसिबलनं वाढवून पाहिला, बीटमधला २०० ते ४०० हर्ट्झचा भाग कापला. शब्द कळायला लागले, हेल परतला नाही.

सुटे ट्रॅक वेव्ह फाइलमध्ये आहेत, पण चार गाण्यांचा इफेक्ट न लावलेला आवाज स्टुडिओनं ठेवलाच नाही. आमच्याकडे ८ जीबीचा लॅपटॉप आणि रीपर (रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर) आहे, खर्चाला फार तर दहा हजार. वेचणी सुरू आहे, म्हणजे काम रात्रीच, तेही वीज असली तर. त्याच स्टुडिओत परत जाणं जमणार नाही.

ऑटोट्यून लागलेल्या आवाजातून मूळ हेल काढता येतो का? येत नसेल, तर ती चार गाणी घरीच, आवाज घुमू नये म्हणून रजया टांगून, पुन्हा गायली तर जुना आयएसआरसी (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) चालेल, की नवा घ्यावा लागेल?