'टेम्परेट' माणूस म्हणजे संयमी माणूस का?

शब्दवेडी:
काकांनी आजोबांवर इंग्रजीत लिहिलेला लेख मराठीत आणतेय. त्यात एक वाक्य आहे, 'ते टेम्परेट होते.' शब्दकोश 'संयमी' सांगतो, पण मला तो अर्थ चूक वाटतो. आजोबा एक पेढा खायचे, दुसरा त्यांना नकोच असायचा. मन मारताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. संयमात स्वतःशी झगडा असतो.

खडीसाखर:
असहमत. राहुल द्रविडची फलंदाजी संयमी म्हणतो, तेव्हा कोणाला झगडा दिसतो? रुळलेला शब्द आहे, तोच ठेवा.

माजघर:
खडीसाखर, तुमचं उदाहरण ताईंच्याच बाजूने जातं. बाहेर जाणारा चेंडू मारावासा वाटतो आणि तरी सोडला जातो, म्हणून तर तो संयम. ॲरिस्टॉटलने ही दोन माणसं वेगळी काढली आहेत. एकाला भलती इच्छा होते, पण तो लगाम खेचतो. दुसऱ्याला ती होतच नाही. इंग्रजी भाषांतरांत पहिला 'काँटिनंट', दुसरा 'टेम्परेट'. (काँटिनंट आता मुख्यतः लघवीवर ताबा असलेल्या रुग्णाबद्दल ऐकू येतो, फार घसरला बिचारा शब्द.) आपल्याकडे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हेच आहे. न खाणाऱ्याचे विषय सुटतात, पण 'रसवर्जं', गोडी मागे उरते. ती गोडी उरलेला माणूस संयमी. आजोबांची उरली नव्हती.

खडीसाखर:
पण इंग्रजी बोलणाऱ्यांनी तरी हा फरक कुठे पाळला? १८२६ मध्ये बोस्टनला अमेरिकन टेम्परन्स सोसायटी निघाली. सुरुवातीचा रोख कडक दारूवर होता, पुढे चळवळ थेंबही नको इथवर गेली. शेवटी १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी. त्या शब्दात निग्रह आहेच.

शब्दवेडी:
चळवळीने नाम ओढत नेलं, विशेषण जागेवर राहिलं. भूगोलात 'टेम्परेट' म्हणजे आजही समशीतोष्ण, आणि तिथे कोणी थंडीला आवरून धरत नाही. लॅटिन मूळ 'तेम्पेरारे', म्हणजे योग्य प्रमाणात मिसळणं. आमटीत गूळ आणि चिंच जमून यावी तसं. मला 'बेताचं' हा शब्द जवळचा वाटतो.

गावकूस:
'बेताचा माणूस' मात्र लिहू नका! बुद्धी बेताची, परिस्थिती बेताची, असंच वाचलं जाईल. 'मिताचारी' अचूक आहे, पण घरात कोणी म्हणत नाही. विशेषणाचा हट्ट सोडा. 'त्यांचं सगळं बेतात असे' म्हणा.

शब्दवेडी:
हे पटलं. 'त्यांचं खाणं, बोलणं, रागावणं सगळं बेतात असे.' असंच लिहिते.

खडीसाखर:
वाक्य चांगलं आहे, पण मी अजूनही 'संयमी'च लिहिलं असतं. आणि 'रागावणं बेतात' म्हणजे ते थोडं रागवायचे, असं वाटेल.

शब्दवेडी:
रागवायचेच की. पण तो राग संध्याकाळच्या चहापर्यंत कधी पुरला नाही.