श्वासवर्गात दम्याच्या रुग्णांना "पंप (इनहेलर) बंद करा" सांगतात, ते चालू द्यायचं का?

निपाणीची लेक:
माझ्या मावशीनं तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काढली. दमा तेव्हापासूनचा. गेल्या उन्हाळ्यात ती गल्लीतल्या श्वासवर्गाला जायला लागली आणि पंधरा दिवसांत म्हणाली, "छाती मोकळी झाली बघ." वर्गात सांगितलं म्हणून पंप ट्रंकेत गेला. पावसाळ्यात एका रात्री ओठ निळे पडले, कोल्हापूरला पळवली म्हणून वाचली.

ती खोटं बोलत नव्हती. अमेरिकेतल्या दम्याच्या एका चाचणीत (२०११) त्याच रुग्णांना आळीपाळीनं खरा पंप, औषध नसलेला पंप, ॲक्युपंक्चरच्या सुया टोचल्याचं नुसतं सोंग आणि काहीच नाही, असं दिलं. बरं किती वाटलं? खऱ्या पंपानं ५० टक्के, खोट्यानं ४५, खोट्या सुयांनी ४६, काहीच न देता २१. पण यंत्रात फुंकायला लावलं तेव्हा खऱ्या पंपानं श्वास २० टक्क्यांनी सुधारलेला, बाकी तिन्हींत जेमतेम ७. छाती मोकळी वाटते, श्वासनळ्या आवळलेल्याच. असले वर्ग बंदच करायला हवेत.

खानापूरचा बाळू:
पंप बंद करायला सांगणं हा गुन्हाच. पण वर्ग बंद कशाला? माझ्या आईला आयबीएस, म्हणजे आतड्यांचा जुना त्रास, पोटात कळ येते, पण रिपोर्ट सगळे नॉर्मल. डॉक्टर कन्नडमध्ये विचारतात, ती मराठीत सांगते, मधे नर्स अर्धंमुर्धं कळवते, दोन मिनिटांत चिठ्ठी हातात. योगवर्गातल्या बाई शेजारी बसून विचारतात, "काल झोप लागली का आक्का?" आयबीएसच्याच २६२ रुग्णांवर २००८ साली अभ्यास झाला. उपचार न देता नुसतं थांबवून ठेवलेल्यांत २८ टक्क्यांना आराम, खोट्या सुयांनी ४४, आणि सुया टोचणारा आपुलकीनं बोलला तर ६२! आईला नेमकं तेच मिळतंय.

टिळकवाडीची फिजिओ:
मग श्रेय आपुलकीला द्या, योगाला कशाला? कंबरदुखीच्या २२८ जणांच्या चाचणीत (२०११) योगवर्ग आणि साध्या स्ट्रेचिंगचा वर्ग सारखेच ठरले. पुस्तक वाचून घरी करणाऱ्यांपेक्षा दोन्ही सरस. काहीच न करणाऱ्यांशी तुलना केली की कुठलीही गोष्ट गुणकारी दिसते.

खानापूरचा बाळू:
श्रेय कुणालाही द्या, आईची कळ थांबते ना? २०१० मध्ये आयबीएसच्या ८० जणांची चाचणी झाली. "या गोळीत औषध नाही" असं तोंडावर सांगून गोळी दिली, तरी ५९ टक्क्यांना आराम पडला. गोळी न घेणाऱ्यांत ३५. फसवावंही लागलं नाही.

निपाणीची लेक:
बाळू, आईची कळ मोजायला यंत्र नाही, तिला वाटतं तेच खरं. दम्याचं तसं नाही. "वर्ग बंद करा" असं मी म्हणाले ते रागात, मावशी परत वर्गाला जाते आणि मी अडवत नाही. पण पंप आता तिच्या कमरेच्या पिशवीत असतो. फुंकायचं मीटर आणलंय, रोज सकाळचा आकडा कॅलेंडरवर लिहितो. काल म्हणाली, "आज छाती मोकळी हाय." मीटर १८० वर. चांगल्या दिवशी २६० असतं. समोर बसवून पंप घ्यायला लावला.