पायमशिनीवरची नक्षी : तुमचे अनुभव सांगा

लग्नसराईत बेळगावच्या खडेबाजारात ब्लाऊजच्या पाठीवर वर्क करून घ्यायचं म्हटलं की आधी पाकिटात बघावं लागतं. नुसती सरळ टीप मारणाऱ्या घरच्या मशिनीवर तुम्ही काय काय काढता? कॉम्प्युटर मशीनवाल्यांची पाळी नंतर.

शहापूर : फुलं-वेली निघतात की! सुईखालचे, कापड पुढं सरकवणारे दाते खाली करायचे. जुन्या काळ्या मशिनीत ती सोय नसेल तर दात्यांवर बसणारी पट्टी मिळते. कापड दाबून धरणारा फूट काढायचा. कापड भरतकामाच्या रिंगेत हातभरताच्या उलट भरायचं, म्हणजे ते मशिनीच्या पाटाला टेकलं पाहिजे. आणि फूट नसला तरी फूट खाली-वर करणारी मागची दांडी खाली पाडायचीच. ती वर राहिली तर वरच्या दोऱ्याला ताणच बसत नाही, खाली सगळा गुंताडा. पाय एका लयीत, रिंग हातानं फिरवायची. टाके लांब पडले तर हात घाई करतोय, दोरा एका जागी साचला तर हात अडतोय. रेशमी दोरा वर, साधा बारीक खाली, वरचं टेन्शन जरा सैल. वॉइलसारख्या पातळ कापडाखाली कागद घ्या, पण वर्तमानपत्र नको, शाई लागते.

निपाणी : जर, म्हणजे जरीचा दोरा, सुईत ओवली की सारखी तुटते. ती बॉबिनवर, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळावर भरा, बॉबिन ज्यात बसते त्या केसचा स्क्रू किंचित सैल करा, नक्षी उलट्या बाजूला आखून तिथूनच टीप मारा. पलटलं की जर सुलट बाजूला! यासाठी बॉबिन केस वेगळीच ठेवा. रोजच्या केसचं टेन्शन परत जुळवताना जीव जातो.

खानापूर : पावसात आमच्यात करंट असतोय कुठं ओ, पायमशीनच बरी. पोरींच्या फ्रॉकला चुण्या पाडायला बॉबिनवर इलॅस्टिकचा दोरा हातानं, न ताणता भरा. वर साधा दोरा, टाका मोठा. ओळी मारल्या की वाफेची इस्त्री नुसती वरनं धरा, अजून आवळतंय.

बैलहोंगल : कसूती, म्हणजे आपल्याकडचं पारंपरिक हातभरत, मशिनीवर करू नये असं माझं मत. त्यातल्या गवंती टाक्याची रेघ सरळ टिपेनं निघेल, दोन्हीकडून सारखीही दिसेल. पण नेगीचा टाका? तो कापडाचे धागे मोजत, विणल्यासारखा भरायचा. इरकली साडीच्या पदरावरचं गोपुराचं चित्र हातानंच काढावं.

शहापूर : पदर हातानं, बाह्या मशिनीनं! सासूबाईंना फरक कळतो, नवऱ्याला नाही.