व्यावसायिक संघाच्या शहरात विद्यापीठाचा फुटबॉल संघ का झाकोळतो?

शनिवारचा प्रेक्षक:

अमेरिकन फुटबॉलमध्ये शनिवार विद्यापीठांचा आणि रविवार एनएफएल या व्यावसायिक लीगचा, ही वाटणी या खेळाचे चाहते गृहीतच धरतात. मात्र ज्या शहरात दोन्ही प्रकारचे संघ आहेत, तेथे शनिवारच्या वाट्याला नेमके काय उरते, हा प्रश्न पिट्सबर्गमधील सामने पाहिल्यापासून माझ्या मनात घोळतो आहे. तेथील ॲक्रिशर स्टेडियम, म्हणजे २००१ मध्ये हाइन्झ फील्ड या नावाने सुरू झालेले मैदान, स्टीलर्स या एनएफएल संघाचेही घर आहे आणि पिट्सबर्ग विद्यापीठाच्या पँथर्सचेही. रविवारी तेथील पिवळ्या खुर्च्यांचा रंगसुद्धा दिसत नाही, इतकी गर्दी असते. शनिवारी मात्र वरच्या मजल्यावर कित्येकदा त्या रिकाम्या खुर्च्याच नजरेत भरतात. हा संघ काही कालपरवा उभा राहिलेला नाही. १९७६ मध्ये टोनी डॉर्सेटच्या बळावर त्याने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि पुढे डॅन मरिनो व एरन डॉनल्ड हे खेळाडूही येथेच घडले.

याउलट ॲन आर्बर किंवा लिंकन यांसारखी, एनएफएल संघ नसलेली विद्यापीठांची गावे पाहा. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची आसनक्षमता १,०७,६०१ आहे आणि नेब्रास्काच्या घरच्या मैदानावरील प्रत्येक सामन्याची तिकिटे १९६२ पासून संपत आली आहेत. त्यामुळे ‘एनएफएल आले की विद्यापीठाचा संघ झाकोळतो’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. परंतु सिएटलमध्ये सीहॉक्स हा एनएफएल संघ असूनही वॉशिंग्टन विद्यापीठाचे हस्की स्टेडियम गजबजलेले असते, आणि लॉस एंजेलिसमध्ये यूएससीने, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने, उभी केलेली परंपरा कोणत्याही छोट्या गावाला हेवा वाटावा अशी आहे. मग व्यावसायिक संघ हे खरोखर कारण आहे, की अपयश झाकण्यासाठी पुढे केलेली सबब? आपली मते पुराव्यानिशी मांडावीत, ही विनंती.

मैदान आणि माती:

प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. माझ्या मते शहर वाटून घेण्याने संघाचे फारसे बिघडत नाही. स्वतःचे मैदान सोडून दुसऱ्याच्या मैदानात राहायला गेल्यावर बिघडते. याचे सर्वांत बोलके उदाहरण न्यू ऑर्लिन्समधील टुलेन विद्यापीठाचे आहे.

टुलेनच्या आवारात १९२६ पासून त्यांचे स्वतःचे स्टेडियम होते आणि ते वाढत वाढत सुमारे ८०,००० प्रेक्षकांचे झाले होते. शुगर बोल हा विद्यापीठांचा हंगामाअखेरचा मानाचा सामना तेथेच होत असे. १९६७ मध्ये सेंट्स हा एनएफएलचा नवा संघ शहरात आला, तेव्हा खेळायला जागा नसल्याने तो विद्यापीठाच्या मैदानावर खेळू लागला. म्हणजे सुरुवातीला घरमालक विद्यापीठ होते आणि भाडेकरू व्यावसायिक संघ. १९७०, १९७२ आणि १९७५ या वर्षांचे सुपर बोल, म्हणजे एनएफएलचे अंतिम सामने, एका विद्यापीठाच्या आवारात झाले, ही गोष्ट आज सांगितली तर अनेकांना खरी वाटत नाही. १९७५ मध्ये सुपरडोम उघडले आणि दोन्ही संघ तेथे गेले. तेथे नाते नेमके उलटे झाले. सत्तर हजारांवर आसने असलेल्या त्या छताखाली टुलेनचे काही हजार प्रेक्षक विखरून बसत आणि त्यांचा आवाज छतापर्यंतही पोहोचत नसे. १९९८ मध्ये या संघाने बाराच्या बारा सामने जिंकले, तरीही ते घर त्याला आपलेसे झाले नाही. जुने स्टेडियम तोवर जमीनदोस्त होऊन जवळपास वीस वर्षे लोटली होती.

जवळपास चार दशकांनंतर, २०१४ मध्ये, टुलेनने पुन्हा आपल्या आवारात ३०,००० आसनांचे यूलमन स्टेडियम बांधले. २०२२ च्या हंगामात त्यांनी आपल्या कॉन्फरन्सचा, म्हणजे विद्यापीठांच्या गटाचा, अंतिम सामना याच मैदानावर सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाविरुद्ध ४५–२८ असा जिंकला आणि २ जानेवारी २०२३ रोजी कॉटन बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात यूएससीला ४६–४५ असे हरवले. सगळे श्रेय मैदानाला द्यावे असे मी म्हणत नाही, कारण प्रशिक्षक आणि खेळाडूंशिवाय सामने जिंकले जात नाहीत. परंतु तो अंतिम सामना रिकाम्या सुपरडोममध्ये खेळला गेला असता, तर त्या शहराने तो आपला मानला असता का, याचा विचार करावा.

मिनेसोटाची कथाही याच वळणाची आहे. तेथील विद्यापीठाच्या गोफर्स संघाने १९८२ मध्ये आवारातले मेमोरियल स्टेडियम सोडून वायकिंग्ज या एनएफएल संघासोबत मेट्रोडोममध्ये मुक्काम हलवला. शरद ऋतूतल्या मोकळ्या हवेतला दुपारचा सामना, त्याआधी वसतिगृहांपासून मैदानापर्यंत वाजतगाजत जाणारे विद्यार्थी, हे सगळे बंद छताखाली हरवले. २००९ मध्ये विद्यापीठाने पन्नास हजारांच्या आसपास आसनांचे स्वतःचे स्टेडियम बांधले, आणि पुढे मेट्रोडोम पाडले गेल्यावर २०१४ व २०१५ या दोन हंगामांसाठी वायकिंग्जच तेथे पाहुणे म्हणून आले. २०१९ मध्ये या मैदानावर गोफर्सनी पेन स्टेटला ३१–२६ असे हरवले तेव्हा प्रेक्षक मैदानात उतरले होते. तो दिवस मी विसरू शकत नाही.

सिनसिनाटीचे निपर्ट स्टेडियमही इमारतींच्या मधोमध, अगदी आवाराच्या कुशीत आहे. एनएफएलचे बेंगाल्स १९६८ आणि १९६९ मध्ये तेथे खेळून आपल्या मैदानाकडे निघून गेले; विद्यापीठ मात्र मुख्यतः तेथेच राहिले आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीपर्यंत (प्लेऑफ) पोहोचले.

दक्षिण किनारा:

वरील प्रतिसाद मनापासून आवडला, तरीही त्यातील मुख्य मुद्दा मला पटत नाही, कारण मायामीचा इतिहास त्या चौकटीत बसत नाही. मायामी विद्यापीठ कोरल गेबल्समध्ये आहे आणि त्यांचे जुने मैदान, ऑरेंज बोल, शहराच्या मालकीचे व आवारापासून दूर होते. १९८६ च्या हंगामापर्यंत एनएफएलचे डॉल्फिन्सही तेथेच खेळत. म्हणजे हा संघ कायमच भाडेकरू होता. तरीही १९८३, १९८७, १९८९, १९९१ आणि २००१ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदे त्याने मिळवली, आणि १९८५ ते १९९४ या काळात ऑरेंज बोलमध्ये सलग ५८ सामने जिंकले. यांतील पहिले विजेतेपद आले तेव्हा डॉल्फिन्स काही दुबळे नव्हते. १९८२ आणि १९८४ या दोन्ही हंगामांच्या अखेरीस ते सुपर बोलमध्ये खेळले होते.

हे कसे घडले? हॉवर्ड श्नेलेनबर्गर १९७९ मध्ये प्रशिक्षक म्हणून आले. ते पूर्वी डॉल्फिन्सच्याच प्रशिक्षकवर्गात होते, आणि १९७२ च्या त्या अपराजित संघाच्या आक्रमणाची धुरा त्यांच्याकडे होती. दक्षिण फ्लोरिडातल्या हायस्कुलांमध्ये इतकी गुणवत्ता आहे, की ती बाहेर जाऊ दिली नाही तर दुसरीकडे शोधाशोध करावीच लागणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि त्या भागाला ते ‘मायामीचे राज्य’ म्हणू लागले. माझ्या दृष्टीने मोठ्या शहराचा खरा लाभ हा आहे. ज्या लोकसंख्येमुळे शहराला एनएफएलचा संघ मिळतो, त्याच लोकसंख्येत विद्यापीठाला खेळाडूही मिळतात. मैदान कोणाचे, हा प्रश्न त्यानंतरचा.

लॉस एंजेलिसकडेही नीट पाहावे. १९९५ ते २०१५ या काळात तेथे एनएफएलचा एकही संघ नव्हता. प्रशिक्षक पीट कॅरोल यांच्या कारकिर्दीत यूएससीने सलग ३४ सामने जिंकले ते याच काळात, म्हणून बरेच जण या रिकाम्या जागेलाच कारण ठरवतात. परंतु क्रम तपासला तर हे टिकत नाही. १९६२, १९६७, १९७२, १९७४ आणि १९७८ ही यूएससीची विजेतेपदे एनएफएलचे रॅम्स शहरात असताना आली, आणि रॅम्सही यूएससी खेळते त्याच कोलिसियम स्टेडियममध्ये खेळत होते. उलट रॅम्स आणि रेडर्स हे दोन्ही एनएफएल संघ निघून गेल्यानंतरची पहिली काही वर्षे यूएससीसाठी सामान्यच गेली. २००० च्या हंगामात तर पाच विजय आणि सात पराभव अशी अवस्था होती. शहर मोकळे होते, पण त्याचा उपयोग करून घेणारा संघ नव्हता. तो कॅरोल यांनी उभा केला, आणि ते स्वतः एनएफएलमधून आले होते.

टुलेनच्या बाबतीतही एक दुरुस्ती सुचवतो. त्या संघाची घसरण सुपरडोमपासून सुरू झाली नाही. विद्यापीठाने १९५० च्या दशकातच फुटबॉलवरील भर जाणीवपूर्वक कमी केला होता आणि १९६६ मध्ये त्याने साउथईस्टर्न कॉन्फरन्सही सोडली. सेंट्सचा पहिला हंगाम १९६७ चा आहे. अटलांटातील जॉर्जिया टेकनेही हीच कॉन्फरन्स १९६४ मध्ये सोडली आणि एनएफएलचे फाल्कन्स १९६६ मध्ये आले. दोन्ही ठिकाणी दार आधी विद्यापीठाने बंद केले होते.

नियमपुस्तक:

चर्चेत एक मुद्दा राहून गेला आहे. शनिवार आणि रविवार ही वाटणी केवळ रूढीची नाही, तिला कायद्याचा आधार आहे. १९६१ च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्याने व्यावसायिक लीगला सर्व संघांचे दूरचित्रवाणी हक्क एकत्र विकण्याची मुभा दिली. मात्र सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत, शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी, हायस्कूल किंवा कॉलेजच्या सामन्यापासून ७५ मैलांच्या आतील केंद्रावरून एनएफएलचा सामना दाखवला तर ती मुभा मिळत नाही. हे बंधन नसते तर मोठ्या शहरातला शनिवार विद्यापीठांकडे कितपत राहिला असता, याची मला शंका आहे.

एकाच मैदानावर तीन दिवस खेळ झाला तर काय होते, याचे उदाहरण पिट्सबर्गमध्येच आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये शुक्रवारी हायस्कूल अजिंक्यपदाचे चार सामने आणि शनिवारी पँथर्सचा सामना झाल्यावर खराब झालेल्या गवतावर नवे गवत अंथरले गेले, त्यावर धो धो पाऊस पडला आणि सोमवारी रात्री स्टीलर्स विरुद्ध डॉल्फिन्स हा सामना चिखलात ३–० असा संपला. पायाने मारलेला एक चेंडू खाली पडला तो उसळलाच नाही, टोकावर चिखलात रुतून उभा राहिला.

शनिवारचा प्रेक्षक:

सर्वांचे आभार. घटनांचा क्रम तपासण्याची सूचना मला फार मोलाची वाटते, आणि माझ्या मूळ प्रश्नातील गृहीतक त्यामुळे बरेच ढिले झाले आहे. आता पुन्हा पिट्सबर्गकडे येतो. टुलेनप्रमाणे पँथर्सनीही आवारात परतावे, असे आपल्याला वाटते का?

तिसरा डाउन:

परतावे असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु परतायला जागा उरलेली नाही. १९२५ मध्ये टेकडीवर बांधलेले पिट स्टेडियम १९९९ च्या हंगामानंतर पाडले गेले आणि त्या जागी आज बास्केटबॉलचे सभागृह उभे आहे. शहराच्या दाट वस्तीत एवढी मोकळी जमीन मिळवणे किती कठीण असते, हे फिलाडेल्फियातील टेम्पल विद्यापीठाने अनुभवले आहे. एनएफएलच्या ईगल्सच्या मैदानावर भाड्याने खेळण्याऐवजी आपल्या आवारात सुमारे ३५,००० आसनांचे स्टेडियम बांधण्याचा त्यांचा विचार होता. उत्तर फिलाडेल्फियातील रहिवाशांनी त्याला ठाम विरोध केला आणि ते स्टेडियम झाले नाही. त्या रहिवाशांची बाजू मला समजते. ज्यांच्या दारात वर्षातले मोजके शनिवार सोडून एरवी एक रिकामी भिंत उभी राहणार होती, त्यांना विचारल्याशिवाय असा निर्णय होऊ नये. टॅम्पातील साउथ फ्लोरिडा विद्यापीठाकडे मात्र विस्तीर्ण आवार आहे, आणि तेथे बकनीअर्स या एनएफएल संघाचे मैदान सोडून २०२७ पासून स्वतःच्या स्टेडियममध्ये खेळण्याची तयारी सुरू आहे.

शिवाय पँथर्सना स्टीलर्सच्या शेजाराचा फायदाही होतो. नदीच्या दक्षिण काठावरील एकाच संकुलात दोन्ही संघ सराव करतात. हायस्कूलमधला मुलगा विद्यापीठ पाहायला येतो, तेव्हा त्याला त्याच आवारात एनएफएलचे प्रशिक्षक वावरताना दिसतात, आणि ही गोष्ट टस्कलूसातील अलाबामा विद्यापीठाचा नामांकित संघही त्याला दाखवू शकत नाही. केनी पिकेटने २०२१ मध्ये पँथर्सना एसीसी या कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळवून दिले आणि पुढच्याच वर्षी स्टीलर्सनी त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्ट) पहिल्या फेरीत निवडले. संघ बदलला, पण त्याची सरावाची जागा तीच राहिली.

राहिला प्रश्न त्या पिवळ्या खुर्च्यांचा. मला त्यांचे कारण स्टीलर्सपेक्षा समोरच्या संघात अधिक दिसते. पेन स्टेटबरोबरची जुनी स्पर्धा २००० नंतर खंडित झाली होती. २०१६ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा त्याच मैदानावर ६९,९८३ प्रेक्षक आले आणि पँथर्सनी तो सामना ४२–३९ असा जिंकला. अकरा वर्षांच्या खंडानंतर १ सप्टेंबर २०२२ रोजी वेस्ट व्हर्जिनियाचा संघ आला, त्या रात्री तर हा आकडा ७०,६२२ वर गेला. त्या रात्री वरच्या मजल्यावरची पिवळी खुर्ची शोधूनही सापडली नसती.