केविन कोर्दोन: चौथा नंबर कमावलेला की ड्रॉनं दिलेला?

डावखुरा_सांगलीकर

पदक न मिळालेल्या बॅडमिंटनपटूंत माझा सगळ्यात आवडता कोण, असं विचारलंत तर मी डोळे झाकून केविन कोर्दोनचं नाव घेईन. ग्वाटेमालाचा. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: 1986 चा जन्म, साकापा प्रांतातलं ला युनियन हे गाव. वडील फुटबॉलवेडे, म्हणून केविन कीगनवरून पोराचं नाव ठेवलं. पोरगं निघालं बॅडमिंटनकडे! 2011 आणि 2015 ला पॅन अमेरिकन स्पर्धेत सुवर्ण. बीजिंग, लंडन, रिओ अशी तीन ऑलिम्पिक खेळून झाल्यावर, वयाच्या 34 व्या वर्षी, जागतिक क्रमवारीत 59 वा असताना तो 2021 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये उपांत्य फेरीत पोचला. लॅटिन अमेरिकेतून तिथवर कुणीच गेलं नव्हतं. पुढे डेन्मार्कच्या अ‍ॅक्सेलसनकडून 18-21, 11-21 हरला आणि कांस्यपदकाची लढत इंडोनेशियाच्या गिंटिंगला गेली. चौथा.

ग्वाटेमालाचं तोवरचं एकमेव ऑलिम्पिक पदक म्हणजे 2012 ला एरिक बारोंदोनं 20 किमी चालण्यात मिळवलेलं रौप्य. म्हणजे हा गडी देशाच्या दुसऱ्या पदकापासून एका सामन्यावर उभा होता. माझं मत सरळ आहे. इंडोनेशिया, चीन, डेन्मार्कच्या खेळाडूनं मिळवलेल्या कांस्यापेक्षा हा चौथा नंबर मोठा. पटत नसेल तर बोला.

निवांत_नाना

बोलतो. गोष्ट गोड आहे, पण ड्रॉ, म्हणजे कुणाची गाठ कुणाशी ते ठरवणारी मांडणी, बघा की राव. वरच्या टोकाला जपानचा मोमोता होता, जगात पहिला. तो गटातच कोरियाच्या हो क्वांग-हीकडून हरला. त्या गटाच्या विजेत्याला बाय होता (एक फेरी न खेळताच पुढे), म्हणून हो क्वांग-ही थेट उपांत्यपूर्व फेरीत. तिथं समोर कोर्दोन. पहिल्या नंबरच्या जागी अडतिसावा समोर आला तर कुणाचंही नशीब फळफळेल. अ‍ॅक्सेलसन आणि गिंटिंग, खरे वरचे दोघे समोर आले तेव्हा चारही गेम गेले. नशीब म्हणायला लाज कसली?

डावखुरा_सांगलीकर

नाना, अर्धाच ड्रॉ वाचलात. गटात त्यानं हाँगकाँगच्या का लाँग अँगसला 22-20, 21-13 असं घरी पाठवलं. तो पहिल्या दहांतला खेळाडू. पुढच्या फेरीत नेदरलँड्सचा मार्क काल्जोव, 21-17, 21-14. हा काल्जोव कोण ते आठवतंय ना? आपल्या साई प्रणीतला गटात दोन्ही गेम 14 वर गुंडाळणारा. आणि ज्या हो क्वांग-हीनं मोमोताला हरवलं, त्याला यानं 21-13, 21-18 केलं. म्हणजे उपांत्य फेरीपर्यंत एकही गेम न गमावता. नशीब एखादा सामना देतं, सलग चार सामने सरळ गेममध्ये देत नाही.

गणिती

मला वेगळीच शंका. 'छोटा देश, छोटा देश' जो तो म्हणतोय, पण ग्वाटेमालाची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास आहे. डेन्मार्क साठ लाखांच्या आसपास! ज्या अ‍ॅक्सेलसननं याला हरवलं, त्याचा देश याच्या एक तृतीयांश. त्यामुळे डोळ्यांत पाणी आणण्याआधी छोटा कुठल्या अर्थानं, ते तरी ठरवा.

पंचगंगा

गणिती, बरोबर जागी बोट ठेवलंत, पण त्यानं धागाकर्त्याचंच पारडं जड होतं. डेन्मार्कमध्ये गावोगाव क्लब आहेत. संध्याकाळी हॉलवर गेलं की आपल्यापेक्षा बरा खेळणारा हमखास भेटतो. 1980 ला ऑल इंग्लंड जिंकल्यावर खुद्द प्रकाश पदुकोण तिकडे राहायला गेले ते उगाच नाही. ग्वाटेमालात देशातला एक नंबर झालात की सरावाला समोर कोण? दोन नंबरचा, तोही रोज तोच. बॅडमिंटनमध्ये देश मोजायचा तो सरावाच्या जोडीदारांवर.

म्हणून या गोष्टीत मला खेळाडूइतकाच त्याचा प्रशिक्षक महत्त्वाचा वाटतो. मुआमर कदाफी. (होय, हेच नाव. लिबियाशी संबंध नाही, माणूस इंडोनेशियाचा.) ज्या देशात हा खेळ रक्तात आहे तिथला माणूस जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वर्षानुवर्षं राहतो, तेव्हा कुठं असा एक कोर्दोन तयार होतो.

आर्या_कोथरूड

भावना समजल्या, आता कडू बोलते. ऑलिम्पिकमध्ये एका देशाचे एकेरीत जास्तीत जास्त दोन, तेही दोघं पहिल्या सोळात असतील तरच. शिवाय प्रत्येक खंडाला किमान एक जागा राखीव. परिणामी क्रमवारीत साठावा, सत्तरावा खेळतो आणि त्याच्या कितीतरी वरचे घरी बसून टीव्ही बघतात. टोकियोला आपला किदंबी श्रीकांत नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्पेनमध्ये वेल्व्हाला जागतिक स्पर्धेत तो अंतिम फेरीत गेला आणि रौप्य घेऊन आला. मग कोर्दोनसाठी टाळ्या वाजवताना श्रीकांतचं काय, हा प्रश्न पडतोच.

पंचगंगा

आर्याताई, श्रीकांतची जागा कोर्दोननं खाल्लेली नाही. पात्रतेच्या यादीत श्रीकांत पहिल्या सोळात बसला नाही आणि प्रणीत आपला वरचा होता, म्हणून एकच गेला. कोविडमुळे शेवटच्या पात्रता स्पर्धा रद्द झाल्या, त्याचाही फटका बसला. कोर्दोन नसता तरी श्रीकांत घरीच होता.

राहता राहिली खंडांची गोष्ट. बॅडमिंटन ऑलिम्पिकमध्ये पदकासाठी आलं 1992 ला, बार्सिलोनात. तेव्हाची सगळी पदकं आशिया आणि डेन्मार्कनं वाटून घेतली. चार-पाच देशांचाच खेळ अशी ओळख पक्की झाली की ऑलिम्पिकवाले विचारणार, हा ठेवायचा कशाला? 2013 ला कुस्तीवर टांगती तलवार आली होती, तो तर सगळ्यात जुन्या खेळांपैकी. त्या जागा म्हणजे उपकार नव्हेत, खेळाचा विमा आहे.

आर्या_कोथरूड

विमा मान्य. पण हप्ता कोण भरतं? चीन-जपान-इंडोनेशियाचा तिसऱ्या नंबरचा खेळाडू. त्याचं करिअर दहा वर्षांचं, त्यात ऑलिम्पिक जेमतेम दोन. त्याला जाऊन सांगा 'तू खेळाचा विमा आहेस'.

बॅकहँड_बापू

मी जरा कोर्टावर येतो, तुमचं नियम-नियम चालू द्या.

कोर्दोन डावखुरा. पिसांच्या शटलमध्ये पिसं एकावर एक एकाच दिशेनं चढवलेली असतात, त्यामुळे शटल हवेत एकाच बाजूला फिरतं. म्हणून डावखुऱ्यानं काप मारून टाकलेला ड्रॉप (जाळीजवळ हळूच पडणारा फटका) उजव्या हाताच्या खेळाडूच्या ड्रॉपसारखा पडत नाही. ज्यांना डावखुऱ्याविरुद्ध सराव नाही त्यांचं पाऊल अर्ध्या क्षणानं चुकतं. हे टोकियोत बघायला मिळालं. दुसरं म्हणजे घाई नाही. 34 वर्षांच्या माणसाला रॅली लांबवायची नसते, पण हा मागच्या कोपऱ्यात अडकला की उंच क्लिअर (शटल पार मागच्या रेषेपर्यंत) मारून श्वास घ्यायचा आणि पुन्हा मध्यावर यायचा. हो क्वांग-हीला हरवलं तेव्हा मात्र तो कोर्टावरच कोसळला आणि रडला.

पॅरिसचा सामना कुणी बघितला का? 27 जुलै 2024, आपल्या लक्ष्य सेनची सलामी. कोर्दोन 37 वर्षांचा. पहिला गेम 21-8, एकतर्फी. दुसऱ्यात म्हातारा 20-16 नं पुढे! लक्ष्यनं सलग सहा गुण घेऊन 22-20 केला म्हणून निभावलं. नंतर कळलं, कोर्दोनचा डावा कोपर दुखावलाय. खेळायचा हात तोच. त्यानं माघार घेतली आणि नियमाप्रमाणे तो निकालच पुसला गेला. लक्ष्यचा विजय गेला, कोर्दोनचे चार गेम पॉइंटही गेले.

निवांत_नाना

बापूंनी बरी आठवण काढली. त्याच पॅरिसमध्ये लक्ष्य उपांत्य फेरीत अ‍ॅक्सेलसनकडून हरला, मग कांस्याच्या लढतीत मलेशियाच्या ली झी जियाविरुद्ध पहिला गेम जिंकून सामना घालवला. चौथा. डिट्टो कोर्दोन! त्यावर आपण काय केलं? पदुकोण म्हणाले, आता खेळाडूंनीही जबाबदारी घ्यायला हवी. सोशल मीडियावर तर पोराला सोलून काढलं. चौथा तो चौथाच. ग्वाटेमालाचा आला तर कविता आणि अल्मोड्याचा आला तर कानउघाडणी, हा दुटप्पीपणा मला झेपत नाही.

डावखुरा_सांगलीकर

नाना, लक्ष्यच्या पाठीशी अकादमी, सरकारी योजना, प्रायोजक, विमल कुमारांसारखा प्रशिक्षक, सरावाला तगडे जोडीदार. एवढं दिल्यावर प्रश्न विचारणारच. कोर्दोनला यातलं किती मिळालं?

अवांतर: आपणही कधीकाळी या खेळात ग्वाटेमालाच होतो. आमच्या सांगलीचे नंदू नाटेकर 1956 ला मलायात जाऊन जिंकले, परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय. 28 जुलै 2021 ला पुण्यात ते गेले, टोकियोचे सामने चालू असतानाच. तेव्हा आपल्याला कुणी 'राखीव जागेवरचे' म्हटलं असतं तर कसं वाटलं असतं?

गणिती

नाटेकरांनंतर पदुकोण आले, मग गोपीचंद, मग सायना-सिंधू. साखळी तयार झाली. ग्वाटेमालाला पॅरिसमध्ये पहिलं सुवर्ण मिळालं ते आद्रियाना रुआनोला, ट्रॅप नेमबाजीत. जिम्नॅस्टिक्स करताना पाठीचा कणा दुखावला म्हणून ती बंदुकीकडे वळली. ग्वाटेमालाच्याच ब्रोललाही ट्रॅपमध्ये कांस्य. बॅडमिंटन यात कुठेच नाही. श्रीलंकेच्या निलुका करुणारत्नेनं लंडनला जपानच्या टागोला हरवलं होतं, तेव्हाही असाच गाजावाजा झाला. पुढे? मला कोर्दोनचं कौतुक आहे, पण एक माणूस निवृत्त झाला की खेळही निवृत्त होत असेल, तर त्या राखीव जागेनं नेमकं रुजवलं काय?

पंचगंगा

1956 नंतर 1980 उजाडायला 24 वर्षं लागली, गणिती. टोकियोला अजून तितकी कुठे झालीत?

आर्या_कोथरूड

तोवर तिसऱ्या नंबरवाले रांगेतच थांबणार, असंच ना?